बोली, कोश आणि किनारा : दाल्गादोंच्या निमित्ताने

रत्नागिरीहून दक्षिणेकडे निघालेल्या एस्टीत बसलेल्या प्रवाशाला भाषा कोठे बदलली हे कोणी सांगत नाही. लांजा मागे पडतो, राजापूरला अर्जुना नदी ओलांडली जाते, खारेपाटणच्या आसपास जिल्हा बदलतो आणि कणकवली, कुडाळ, सावंतवाडी करीत गाडी बांद्यापलीकडे गोव्यात शिरते. वाटेत गावांच्या पाट्या आहेत, घाटांच्या आहेत, हद्दींच्या आहेत. भाषेची पाटी मात्र कोठेच नाही. तरीही खिडकीतून आत येणारे बोलणे हळूहळू पालटलेले असते. ‘घोडा’चा ‘घोडो’ होतो; ‘मला’ जाऊन ‘माका’ येते आणि आणखी खाली त्याचे ‘म्हाका’ होते; ‘आहे’ मागे राहते आणि ‘आसा’ पुढे येते. शेवटी तहानलेला माणूस पाण्याऐवजी ‘उदक’ मागू लागतो. मराठी प्रमाणभाषेने जो शब्द संध्येच्या पळीत आणि श्राद्धाच्या दर्भावर जपून ठेवला, तो शे-दीडशे मैलांवर रोजच्या तहानेचा शब्द असतो.

यांतल्या प्रत्येक बदलाची रेषा वेगळ्या ठिकाणी पडते. पुल्लिंगी नामाच्या अंत्य ‘ओ’काराची रेषा एका गावावरून जाते, तर ‘उदक’ या शब्दाची दुसऱ्याच गावावरून. या सगळ्या रेषा एकाच जागी एकवटल्या असत्या, तर तेथे भिंत उभी राहिली असती आणि ‘येथे मराठी संपली, येथे कोकणी सुरू झाली’ असे निःशंकपणे म्हणता आले असते. त्या तशा एकवटत नाहीत. म्हणूनच या किनाऱ्याची भाषा ठरविण्याचे काम कधी कोशकाराने, कधी सर्वेक्षकाने, कधी शासनाने आणि बहुतेक वेळा भांडणाने केलेले आहे.

या संदर्भात १९०५ या वर्षाकडे रत्नागिरीतल्या भाषाभ्यासकाने थोडे थांबून पाहावे असे आहे. त्या वर्षी ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाचा सातवा खंड कलकत्त्याहून प्रसिद्ध झाला. मराठीला वाहिलेल्या या खंडाचे काम नॉर्वेजियन पंडित स्टेन कोनो याने केले होते. संगमेश्वरी, बाणकोटी, कुडाळी, चित्पावनी, दालदी ही रत्नागिरी आणि तिच्या आसपासची नावे तेथे प्रथमच एका शास्त्रीय मांडणीत शेजारीशेजारी बसली. राजापूरच्या दक्षिणेला किनाऱ्याची मराठी पायरीपायरीने कोकणीत मिसळत जाते, कुडाळी ही त्या दोहोंमधली दुवा-बोली आहे आणि कोकणी ही मराठीचीच, परंतु बरीच लवकर वेगळी पडलेली बोली आहे, असा त्या खंडाचा एकंदर निर्णय होता.

त्याच १९०५ साली लिस्बनमध्ये एक पोर्तुगीज-कोकणी शब्दकोश छापला गेला. त्याचे कर्ते बार्देशातले एक कॅथलिक धर्मगुरू होते : मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फो दाल्गादो. कलकत्त्यात जी बोली ठरत होती, तिला लिस्बनमध्ये एक माणूस दुसऱ्यांदा कोश देत होता. या दोन पुस्तकांचा एकमेकांशी संवाद झाला नाही. मराठीच्या अभ्यासक्रमात पहिल्याची ओळख होते, दुसऱ्याची होत नाही. ही गैरहजेरी योगायोगाची आहे की आपल्या पाहण्याच्या रीतीतून आलेली आहे, हा खरा प्रश्न आहे.

दाल्गादो यांचा जन्म ८ मे १८५५ रोजी बार्देशातल्या आसगाव येथे झाला. पुढच्याच वर्षी रत्नागिरीत टिळक जन्मले. एकाच किनाऱ्यावर, एक वर्षाच्या अंतराने, दोन वेगळ्या साम्राज्यांच्या प्रजा म्हणून ही दोन मुले वाढली. एकाच्या वाट्याला इंग्रजी आली, दुसऱ्याच्या वाट्याला पोर्तुगीज आणि लॅटिन. दोघेही संस्कृतकडे वळले आणि दोघांनीही आपापल्या समाजाला आपल्याच वारशाकडे नव्याने पाहायला लावले. रायतूरच्या सेमिनारीत शिकून दाल्गादो १८८१ साली धर्मगुरू झाले. त्यानंतर रोमला जाऊन त्यांनी धर्मशास्त्र-विधीत डॉक्टरेट मिळविली. परतल्यावर श्रीलंका, कलकत्ता, होन्नावर अशा ठिकाणी चर्चच्या मोठ्या जबाबदाऱ्या त्यांच्याकडे आल्या. आयुष्याचा शेवटचा काळ लिस्बनमध्ये गेला. तेथे ते संस्कृत शिकवीत होते. ‘हितोपदेश’ त्यांनी १८९७ सालीच पोर्तुगीजमध्ये नेले होते. मधुमेहाने पुढे त्यांचे पाय हिरावून घेतले. उभे राहता येईना, तेव्हा बसून मिस्सा म्हणण्याची अनुज्ञा घ्यावी लागली. त्याच अवस्थेत त्यांचा सर्वांत मोठा ग्रंथ पुरा झाला. ४ एप्रिल १९२२ रोजी लिस्बनमध्ये त्यांचे निधन झाले.

चरित्र म्हणून एवढा तपशील पुरेसा आहे. यातून एक भक्त-संशोधकाचे चित्र सहज रंगविता येईल : मातृभाषेसाठी झिजलेला, परदेशी एकाकी, पाय गेले तरी लेखणी न सोडणारा. कोशकारांविषयी लिहिताना असा सूर लावण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. मात्र अशा गौरवाने कोशकार मोठा होतो आणि कोश न वाचलेलाच राहतो. दाल्गादोंचे मोठेपण त्यांच्या सोसण्यात शोधण्यापेक्षा त्यांच्या ग्रंथांच्या क्रमात शोधणे अधिक फलदायी ठरेल. त्या क्रमाकडे पाहिले की भाषेकडे पाहण्याची एकाच माणसाची दृष्टी तीस वर्षांत कशी सरकत गेली, याचा आलेखच हाती येतो.

पहिला ग्रंथ म्हणजे १८९३ साली मुंबईत छापलेला कोकणी-पोर्तुगीज कोश. त्याच्या शीर्षकातच तो भाषाशास्त्रीय आणि व्युत्पत्तिविषयक असल्याचे सांगितलेले आहे आणि त्यातले शब्द देवनागरीत रचल्याचीही नोंद आहे. या दोन गोष्टी वाटतात तितक्या साध्या नाहीत. गोव्यातल्या ख्रिस्ती समाजाची लेखनपरंपरा रोमन लिपीची होती. प्रार्थना, धर्मशिक्षण, पत्रे सारे रोमनमध्ये होते. त्या समाजातल्या, रोममध्ये शिकलेल्या धर्मगुरूने आपल्या भाषेला देवनागरीत बसवावे, ही कृती तिचे नाते कोणाशी आहे हे जाहीर करणारी होती. १८८२ आणि १८८३ साली मंगळूरच्या इटालियन जेझुइट मफ्फेई यांचे कोकणी व्याकरण आणि इंग्रजी-कोकणी कोश आले होते. बाहेरून आलेल्या मिशनऱ्याचे ते काम होते आणि त्याची गरज उपदेशाची होती. दाल्गादोंची गरज निराळी होती. त्यांना ही भाषा दुसऱ्याला शिकवायची होती, तशीच ती कोणाची आहे हेही सांगायचे होते.

ती कोणाची, हे सांगण्याचे एकोणिसाव्या शतकातले मान्य साधन म्हणजे व्युत्पत्ती. ज्या शब्दाची संस्कृतपर्यंत वंशावळ लावता येते तो कुलीन, आणि ज्या भाषेत असे शब्द बहुसंख्य ती भाषा भ्रष्ट नव्हे, असा हा युक्तिवाद. १६८४ च्या राजाज्ञेने गोव्यात स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घातली होती आणि तीन वर्षांत सर्वांनी पोर्तुगीज आत्मसात करावी असे फर्मावले होते. पुढे १८५८ साली कुन्या रिव्हारा या पोर्तुगीज अधिकाऱ्याने कोकणीच्या इतिहासावर निबंध लिहून या भाषेची उपेक्षा चुकीची असल्याचे म्हटले. तरी ‘ती भाषा नव्हेच, नोकरांशी बोलण्याचे मोडके साधन आहे’ हा समज गोव्यातल्या सुशिक्षितांत टिकून होता. या समजाला उत्तर देताना दाल्गादोंनी वंशावळीचा आधार घेतला. त्या काळी दुसरा आधार उपलब्ध नव्हता, असे म्हणून हा मुद्दा सोडून देता येत नाही. वंशावळीने मिळविलेली प्रतिष्ठा वंशावळीच्या अटींवरच मिळते. ज्या शब्दांना संस्कृत पूर्वज सापडत नाही, त्यांचे काय? मासेमाराच्या जाळ्याच्या भागांची नावे, भाताच्या खाचरातल्या कामांची नावे, शिव्या, लहान मुलांशी बोलण्याचे शब्द यांना व्युत्पत्तीच्या दरबारात मागच्या रांगेतच उभे राहावे लागते.

कोशाची दुसरी मर्यादा अधिक बोचरी आहे. शब्द देवनागरीत आहेत, अर्थ पोर्तुगीजमध्ये आहेत. ज्याची ही रोजची भाषा होती, त्या आसगावच्या शेतकऱ्याला दोन्ही वाचता येत नव्हते. हिंदू शिक्षितांना देवनागरी येत होती, पण त्यांपैकी थोड्यांनाच पोर्तुगीज. ख्रिस्ती शिक्षितांना पोर्तुगीज येत होती, देवनागरी क्वचितच. एकाच पानावर दोन समाजांना एकत्र आणू पाहणारा हा कोश प्रत्यक्षात दोघांच्याही अर्ध्या अंतरावर उभा राहिला. बोलीच्या अभ्यासकाला हा अनुभव परिचित असतो. तो जी भाषा नोंदतो, तिचे बोलणारे त्याचे वाचक नसतात. आणि जे वाचक असतात, ते ती बोलत नाहीत.

या ठिकाणी एक जर्मन तुलना उपयोगी पडते. योहान आन्द्रेआस श्मेल्लर हा बव्हेरियातल्या टोपल्या विणणाऱ्याचा मुलगा. १८२१ साली त्याने बव्हेरियातल्या बोलींचे व्याकरण प्रसिद्ध केले आणि १८२७ ते १८३७ या काळात चार भागांत बव्हेरियन बोलीचा कोश दिला. या कोशात शब्दांचा क्रम लावताना त्याने एक विलक्षण निर्णय घेतला. गावागणिक स्वर बदलतात, व्यंजने बहुधा टिकतात; तेव्हा क्रम शब्दाच्या व्यंजनांच्या सांगाड्यावर लावायचा. कोणत्याही एका गावचा उच्चार ‘खरा’ आणि बाकीचे ‘बिघडलेले’ असे ठरविण्यास त्याने अशा रीतीने कोशाच्या रचनेतूनच नकार दिला. कोश वापरणे त्यामुळे अवघड झाले, हे खरे. पण बोलीचा कोश म्हणजे प्रमाणभाषेच्या कोशाची धाकटी पाती नव्हे, त्याची रचनाच बोलीच्या स्वभावातून यावी लागते, हे त्याने दाखवून दिले. पुढे १८७६ साली गेओर्ग व्हेंकर याने ऱ्हाइनच्या प्रदेशातल्या शाळामास्तरांकडे काही ठरावीक वाक्ये पाठवून ती आपापल्या बोलीत लिहून मागितली आणि त्यातून जर्मन भाषा-नकाशाचे काम उभे राहिले. ग्रियर्सनने आपल्या सर्वेक्षणासाठी बायबलातल्या उधळ्या पुत्राच्या दृष्टान्ताचे बोलीबोलीत भाषान्तर मागविले, ती याच कुळीची पद्धत.

श्मेल्लर आणि व्हेंकर यांच्यात जो फरक आहे तो रत्नागिरीच्या संदर्भात महत्त्वाचा आहे. व्हेंकरच्या पद्धतीत बोली उत्तर देते. प्रश्न प्रमाणभाषेतून येतो. संगमेश्वरच्या माणसाला ‘उधळ्या पुत्रा’ची गोष्ट सांगायला लावली की त्याचे प्रत्यय मिळतात, क्रियापदांची रूपे मिळतात. पण तो माणूस स्वतः होऊन कोणती गोष्ट सांगेल, हे कळत नाही. श्मेल्लरच्या पद्धतीत संग्राहक त्या भाषेत वाढलेला असतो; प्रश्नाआधीच त्याच्या कानात उत्तरे असतात. १९०५ ची दोन पुस्तके अशी एकमेकांसमोर ठेवली, तर कलकत्त्याचा खंड व्हेंकरच्या बाजूला पडतो आणि लिस्बनचा कोश श्मेल्लरच्या बाजूला, जरी दाल्गादोंनी वंशावळीचा मोह सोडला नव्हता तरी.

हा मोह पुढे कसा सैल होत गेला हे पाहण्यासारखे आहे. १९०० ते १९०६ या काळात त्यांनी एक वेगळेच काम हाती घेतले. आशियात रुजलेल्या पोर्तुगीजच्या ‘भ्रष्ट’ म्हणून हिणविल्या गेलेल्या बोलींवर त्यांनी निबंध लिहिले : श्रीलंकेच्या, गोव्याच्या, दमणच्या आणि मुंबई-वसई-चौल या उत्तरेकडील पट्ट्याच्या. राज्यकर्त्यांची भाषा परक्या जिभांवर बसली की तिचे काय होते, याचा हा अभ्यास होता. त्यात एक सूक्ष्म उलटापालट दडलेली आहे. ज्यांच्या मातृभाषेला राज्यकर्त्यांनी बोली म्हणून हिणवले, ते आता राज्यकर्त्यांच्याच भाषेच्या बोली नोंदवीत होते. कोणतीही भाषा, कितीही मोठ्या आरमाराबरोबर आलेली असली, तरी किनाऱ्यावर उतरली की तिची बोली होते. लिस्बनचे व्याकरण कोरलईच्या किनाऱ्यावर टिकत नाही. मात्र रायगड जिल्ह्यातल्या त्या गावात पोर्तुगीजमधून जन्मलेली एक स्वतंत्र बोली आजही बोलली जाते.

१९१३ साली कोइंब्रा येथे त्यांचा आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांवरचा ग्रंथ निघाला. बडोद्याच्या गायकवाड प्राच्यमालेत १९३६ साली अँथनी झेवियर सोआरिश यांनी त्याचा इंग्रजी अनुवाद दिला आणि त्यामुळे तो भारतीय अभ्यासकांच्या हाती आला. कोकणी, मराठीपासून मलय, जपानीपर्यंत किती भाषांच्या घरांत पोर्तुगीज शब्द मुक्कामाला राहिले आहेत, याचा हा दस्तऐवज. त्यानंतर १९१९ आणि १९२१ अशा दोन भागांत त्यांचा पोर्तुगीज-आशियाई शब्दसंग्रह आला. इंग्रजीत ‘हॉब्सन-जॉब्सन’ने जे केले ते पोर्तुगीजच्या बाजूने आणि अधिक काटेकोरपणे करणारा. पाय गेल्यानंतर पुरा झालेला मोठा ग्रंथ तो हाच.

या ग्रंथांच्या प्रकाशात रत्नागिरीची बाजारपेठ पाहिली तर ती निराळी दिसते. ‘काजू’ हा शब्द ब्राझीलच्या तुपी भाषेतून पोर्तुगीजमार्गे आला. पाव, बटाटा, अननस, कोबी हे खाण्याचे शब्द. चावी, बिजागरी, मेज, साबण, फीत, इस्त्री हे घरातले. घमेले, पिंप, बालदी हे कामाचे. पगार आणि लिलाव हे पैशाचे. आणि ‘तुरुंग’ हा सत्तेचा. रत्नागिरीने आपली ओळख ज्या एका शब्दावर सोपविली आहे तो ‘हापूस’सुद्धा ‘आफोन्सो’ या पोर्तुगीज नावाशीच जोडला जातो. कलम बांधण्याची विद्या गोव्यात पोर्तुगीजांच्या काळात वाढली आणि तिच्याबरोबर फळांची नावेही किनाऱ्याने वर सरकली. एप्रिल-मे महिन्यांत पेट्यांवर ‘रत्नागिरी हापूस’ असे जे अभिमानाने लिहिले जाते, त्यातला गावाचा शब्द आपला आणि फळाचा शब्द समुद्रापलीकडचा. यामुळे हापूस कमी रत्नागिरीचा होत नाही. भाषा कोठून आली यापेक्षा ती कोठे रुजली याला महत्त्व असते, एवढेच त्यातून कळते.

दाल्गादोंच्या दृष्टीतला बदल तो हाच. १८९३ मध्ये शब्दाला वंश विचारणारा कोशकार १९१३ पर्यंत शब्दाला प्रवास विचारू लागला होता. वंशाच्या प्रश्नात भाषा झाडासारखी असते : मूळ एक, फांद्या अनेक, आणि कोणती फांदी कोणाची यावर वाद. प्रवासाच्या प्रश्नात ती बंदरासारखी असते. तेथे कोण कोणाची बोली हा प्रश्न निकालात निघत नाही, पण एकमेव राहत नाही. आणि १९२२ साली, म्हणजे मृत्यूच्या वर्षी, त्यांच्या नावावर जे पुस्तक दिसते तो कोकणी म्हणींचा संग्रह आहे. वंशाकडून प्रवासाकडे आणि प्रवासाकडून म्हणीकडे असा हा मार्ग आहे. म्हण ही बोलीने स्वतः होऊन केलेली रचना असते. तेथे संग्राहकाच्या प्रश्नाला जागा नसते. लिस्बनमधल्या खुर्चीला खिळलेला वृद्ध धर्मगुरू शेवटी जेथे पोहोचला ती जागा शब्दाची नव्हती, लोकांनी पुरे केलेल्या वाक्याची होती.

मराठीच्या अभ्यासकाने दाल्गादोंकडे पाहायचे टाळले याचे कारण उघड आहे. त्यांना स्वीकारायचे तर ‘भाषा की बोली’ या वादात भूमिका घ्यावी लागते, अशी समजूत झालेली आहे. या वादाची आपल्याकडची परंपरा मोठी आहे. मालवणात जन्मलेल्या आणि रत्नागिरीच्या शाळेत शिकलेल्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८७७ च्या विल्सन व्याख्यानांत अर्वाचीन आर्यभाषांचा विचार करताना गोव्याकडच्या बोलीचाही परामर्श घेतला. सुमित्र मंगेश कत्रे यांनी १९४२ साली कोकणीच्या घडणीवर लिहून तिच्या स्वतंत्रतेची बाजू व्याकरणाच्या पायावर मांडली. अ. मा. घाटगे यांच्या संपादनाखाली मराठी बोलींच्या सर्वेक्षणाची जी माला १९६० च्या दशकात निघाली तिच्यात दक्षिण कानड्याची कोकणीही आली आणि १९६५ साली कुडाळीही. मालेचे नाव ‘मराठी बोली’ आणि पहिल्याच खंडाचे नाव ‘कोकणी’. यातच पुढच्या सगळ्या भांडणाचे बीज दिसते. त्यानंतर साहित्य अकादमीने १९७५ साली कोकणीला साहित्यभाषा म्हणून मान्यता दिली, १९८७ साली ती गोव्याची राजभाषा झाली आणि १९९२ साली आठव्या परिशिष्टात गेली. संस्थात्मक पातळीवर हा प्रश्न मिटलेला आहे. मराठी अभ्यासकाने ते खुल्या मनाने मान्य करावे यात त्याच्या भाषेचे काही उणे होत नाही.

मात्र निर्णय झाला म्हणून गुंतागुंत संपली असे नाही. कोकणीची राजभाषा म्हणून कायद्याने मान्य केलेली लिपी देवनागरी. त्याने रोमन लिपीतून लिहिणाऱ्या ख्रिस्ती लेखकांना आपण डावलले गेल्याचे वाटले. रोमन लिपीची बाजू मांडणाऱ्या गोव्यातल्या संस्थांपैकी एका महत्त्वाच्या संस्थेचे नाव आहे ‘दाल्गाद कोंकणी अकादमी’. ज्या कोशकाराने १८९३ मध्ये आपल्या समाजाची लिपी बाजूला ठेवून देवनागरी पत्करली, त्याच्याच नावाने त्याच्या समाजाची लिपी आज आपला हक्क मागते आहे. याला विसंगती म्हणून हसण्यात अर्थ नाही. दाल्गादोंच्या मनात देवनागरी होती ती दोन समाजांना जोडणारा पूल म्हणून. कायद्यात ती आली तेव्हा पलीकडच्या काठाला ती फाटकासारखी वाटली. बोलीची भाषा झाली की तिलाही एक प्रमाण घडवावे लागते, आणि त्या प्रमाणाच्या बाहेर पुन्हा कोणीतरी बोली म्हणून उरतोच. मराठीने कोकणीच्या बाबतीत जे केले असे कोकणीचे म्हणणे होते, तेच आपल्या बाबतीत होत असल्याचे रोमन लिपीतून लिहिणारा म्हणतो. याचा अर्थ कोकणीची मागणी चुकीची होती असा नव्हे. प्रमाणीकरणाचा व्यवहार कोणाच्याही हाती गेला तरी त्याची किंमत कोणालातरी मोजावी लागते, असा आहे.

हा व्यवहार रत्नागिरीच्या दारापर्यंतही आलेला आहे, पण वेगळ्या वेशात. १ मे १९८१ रोजी जुन्या रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा झाला. कुडाळी, जिला आता सर्वत्र ‘मालवणी’ म्हटले जाते, बहुतांशी त्या बाजूला गेली. तिला १९८० साली रंगभूमीवर आलेल्या गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ने आणि मच्छिंद्र कांबळी यांच्या प्रयोगांनी महाराष्ट्रभर कान मिळवून दिले. गवाणकर स्वतः राजापूर तालुक्यातले. सीमेवरच्या माणसाने सीमेपलीकडची बोली रंगमंचावर नेली, ही गोष्टही सहज घडलेली नाही. मालवणीला नाव मिळाले, प्रेक्षक मिळाला, हशा मिळाला. हशाची अडचण अशी की तो बोलीला एकाच खोलीत बसवतो. मालवणीतून फिर्याद करता येते, प्रेम करता येते, मयताला टाहो फोडता येतो. हे मालवणात सर्वांना ठाऊक आहे, मुंबईच्या नाट्यगृहात मात्र पहिल्या ‘रे मेल्या’ला हशा येतो.

उत्तरेकडच्या बोलींना हशाही मिळाला नाही. संगमेश्वर, देवरुख, लांजा, गुहागर, चिपळूण या भागांतल्या कुणबी, भंडारी, खारवी, बौद्ध वस्त्यांत जे बोलले जाते त्याला सर्वांनी मान्य केलेले एक नावही नाही. १९०५ च्या खंडातले ‘संगमेश्वरी’ हे नाव अभ्यासकांना माहीत आहे. बोलणाऱ्याला विचारले तर तो म्हणतो, ‘आमचं आपलं गावठी.’ महाविद्यालयाच्या वर्गात शिरताना हे ‘गावठी’ चपलेसारखे दाराबाहेर काढून ठेवले जाते. मौखिक परीक्षेत विद्यार्थी शुद्ध बोलण्याच्या नादात इतका संथ होतो की त्याला काही येत नसावे असे परीक्षकाला वाटते. बाहेर पडल्यावर तोच विद्यार्थी घरच्या बोलीत मित्राला त्याच कादंबरीविषयी दोन वाक्ये सांगतो, आणि त्या दोन वाक्यांत परीक्षेत न आलेली समीक्षा असते. ती कोणत्याही उत्तरपत्रिकेत जात नाही. देशीयतेची चर्चा मराठी समीक्षेत दीर्घकाळ चालू आहे. ती चर्चा ज्या भाषेत चालते ती मात्र प्रमाण मराठीच आहे. प्रस्तुत लेखही त्याला अपवाद नाही. बोली हा विषय होतो, माध्यम होत नाही.

येथे दाल्गादोंचे उदाहरण गौरवासाठी नव्हे, तर मोजमापासाठी समोर ठेवावे लागते. त्यांच्या पहिल्या कोशाची भाषा बोलणाऱ्यांपर्यंत पोहोचली नाही, हे खरे. परंतु त्यांनी शब्द उतरवून ठेवले नसते, तर पुढच्या पिढीतल्या वामन रघुनाथ वर्दे वालावलीकरांसारख्या लेखकाला, म्हणजे शणै गोंयबाबांना, ज्या भाषेत कथा, इतिहास आणि वादविवाद लिहायचे होते त्या भाषेच्या मागे एक कोशही उभा आहे असे म्हणता आले नसते. कोश स्वतः साहित्य निर्माण करीत नाही. तो लिहू पाहणाऱ्याची भीती कमी करतो. ‘या शब्दाला आधार काय?’ या प्रश्नाला तो उत्तर पुरवतो, आणि बहुतेक बोलींचे लेखक याच एका प्रश्नापाशी गळून पडतात.

रत्नागिरीच्या उत्तरेकडील बोलींना असा आधार देणारे काम अजून विखुरलेले आहे. ते करू पाहणाऱ्याने दाल्गादोंच्या आयुष्याचा क्रम उलटा घेतला तर बरे. त्यांनी व्युत्पत्तीपासून सुरुवात केली आणि म्हणीपाशी थांबले. आज म्हणीपासून, शेताच्या कामाच्या शब्दांपासून, जाखडीच्या बारीत शक्तीवाले-तुरेवाले एकमेकांना टाकतात त्या सवालांपासून, शिमग्यात पालखी नाचवताना घातल्या जाणाऱ्या गाऱ्हाण्यापासून सुरुवात करावी. ‘रे महाराजा’ म्हणून घातलेले गाऱ्हाणे ही रचनेच्या दृष्टीने अत्यंत बांधीव संहिता आहे. तिच्यात संबोधन आहे, साकडे आहे, साक्षी आहेत, समूहाचा ‘होय महाराजा’ आहे. ती बोलीतच असते, कारण देवाला प्रमाणभाषेत काही सांगितल्याचे कोकणात कोणी ऐकलेले नाही. वंशावळ नंतर लावता येईल; न लागली तरी बिघडत नाही. शब्दाचा अर्थ मात्र प्रमाण मराठीच्या एका प्रतिशब्दात न उरकता बोलणाऱ्याच्या वाक्यातच द्यावा, म्हणजे ज्याचा शब्द आहे त्याला कोश वाचता येईल.

आणि हे काम कोणी करायचे याचेही उत्तर त्या दोन १९०५ च्या पुस्तकांत आहे. सर्वेक्षकाने बाहेरून येऊन दृष्टान्त सांगायला लावला, तेव्हा कोणीतरी तो सांगितला. सांगणाऱ्याचे मन त्यात आले नाही. आसगावच्या माणसाने लिस्बनमध्ये बसून जे केले ते आठवणीच्या बळावर, कानात साठलेल्या बोलण्यावर. तशी जीभ आणि तसा कान आज रत्नागिरीच्या पदव्युत्तर वर्गात मागच्या बाकावर बसलेला आहे. तो शुद्ध बोलता येत नाही म्हणून गप्प आहे. त्याच्या प्रबंधाचा विषय बहुधा दुसऱ्याच कोणाची कादंबरी असेल. त्याला घरची बोली लिहून आणायला सांगितली, तर पहिल्यांदा तो हसेल, मग संकोचेल, आणि मग कदाचित आजीला विचारायला जाईल. आजी म्हणेल, ‘ह्याचा काय लिवायचा?’ उतरवून घ्यायचे पहिले वाक्य तेच असेल.